इंग्रजीची उजळणी चुलीपाशी



यावलच्या आमच्या गटात बचतीचा हिशोब संपला की बोलणं लेकीबाळींवर येतं. मागच्या बैठकीत एक जण म्हणाली, "पोरगी दहावीत गेली. इंग्रजीची उजळणी कोण घेईल? मले तं एबीसीडीच्या पुढे काही येत नाही."

तिचं दुखणं आमचंही आहे. आमच्यातल्या कितीजणींची शाळा इंग्रजीच्या पेपरापाशीच थांबली. एकदा नापास झालो, घरच्यांनी स्थळं पाहायला घेतली आणि पुस्तकं माळ्यावर गेली. लेकींचं तसं होऊ द्यायचं नाही.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. राज्यात ते पहिलीपासून आलं २००० साली. म्हणजे आजच्या मुलीच्या कानावरून ते दहा वर्षं गेलेलं असतं. तिला आता उजळणी हवी आहे. ती घ्यायला आईला इंग्रजी आलंच पाहिजे असं नाही, नेमके प्रश्न विचारता आले की पुरे.

आधी व्याकरण. आपल्या बोलण्यात क्रियापद शेवटी येतं: 'आई केळी विकते.' इंग्रजीत ते करणाऱ्याच्या मागोमाग येतं: 'मदर सेल्स बनानाज.' मुलीनं वाक्य म्हटलं की विचारा, "कोण? काय करते? काय विकते?" उत्तरं याच क्रमानं आली पाहिजेत. दुसरं, आपण 'शेतात' म्हणतो, 'त' शब्दाच्या शेवटी लावतो. इंग्रजीत तो आधी येतो: 'इन द फील्ड.' तिसरं, मुलं हमखास चुकतात ती जागा. 'आय, वुई, यू, दे' यांच्यापुढे 'गो', पण 'ही, शी, इट' यांच्यापुढे 'गोज'. रोजची गोष्ट सांगताना हा शेवटचा 'एस' राहिला का, एवढंच विचारत चला. काल घडलेलं असेल तर सगळ्यांनाच 'वेंट'.

मग शब्द. लोन, पासबुक, गॅरंटर, ड्रिप, कोल्ड स्टोरेज हे शब्द आपण रोज बोलतो. तिथूनच सुरुवात करा. मुलीनं त्यांचं स्पेलिंग लिहून दाखवावं. शब्दांचीही कुटुंबं असतात. 'फार्म' म्हणजे शेत, 'फार्मर' म्हणजे शेतकरी. 'सेल' म्हणजे विकणं, 'सेलर' म्हणजे विकणारा. 'हॅपी'च्या आधी 'अन' लागला की आनंदाचं दुःख होतं, जसा आपल्याकडे 'आवड'ला 'ना' लागला की नावड होते. रोज पाचच शब्द घ्या. तेच तीन दिवसांनी पुन्हा विचारा आणि आठवड्यानं बाजाराच्या दिवशी परत विचारा. एका रात्रीत पन्नास शब्द घोकले तर सकाळी पाचही उरत नाहीत.

तिसरा भाग अलंकारांचा. कवितेच्या रसग्रहणात ते विचारतात. नावं ऐकून घाबरू नका. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मनाला त्यांनी पिकात शिरणारं ओढाळ जनावर केलं, ते रूपक. इंग्रजीत त्याला मेटाफर म्हणतात. 'पोर केळीच्या कोंबासारखी वाढली' ही उपमा, म्हणजे सिमिली. तिची खूण 'लाईक' किंवा 'ॲज' हा शब्द. आणि वादळात 'बाग झोपली' असं आपण म्हणतो ना? झोपणं माणसाचं, ते झाडाला दिलं. ते पर्सनिफिकेशन. मुलीला आधी आपल्या बोलीतलं उदाहरण शोधायला सांगा, मग पुस्तकातलं.

शेवटचं, गोष्ट कोण सांगतंय? तीच झोपलेली बाग घ्या. बाई स्वतः सांगते, "माझी बाग गेली, माझ्या पोटात गोळा आला." इथे 'आय' आहे. तिला जेवढं दिसलं, वाटलं, तेवढंच आपल्याला कळतं. तलाठ्याच्या पंचनाम्यात तीच 'सदर शेतकरी महिला' होते. इथे 'शी' आली. किती झाडं पडली ते कळतं, पोटातला गोळा कळत नाही. आणि कीर्तनकाराला रामाच्याही मनातलं ठाऊक असतं, रावणाच्याही. तो सगळं जाणणारा निवेदक. धडा वाचला की विचारा, "हे कोण सांगतंय? त्याला काय माहीत नाही?" 'आय'ची गोष्ट 'शी'ची करायला लावा. मग 'माय'चं 'हर' होतं आणि 'गो'चं 'गोज'. व्याकरणही आपोआप तपासलं जातं.

एक गंमत सांगतो. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही कर्ज फेडू' यात ऐकणारी नाही, 'आपण फेडू' यात ती आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वुई'. म्हणून गटाच्या इंग्रजी कागदावर 'वुई' दिसला की सहीआधी विचारायचं, यात कोण कोण आलं? ही उजळणी अशी आपल्याही कामाची आहे.

आमच्या गटानं ठरवलंय, रात्री भाकरी झाल्यावर अर्धा तास लेकीजवळ बसायचं. एक दिवस व्याकरण, एक दिवस शब्द, एक दिवस अलंकार, एक दिवस गोष्ट. ती चुकली तर रागवायचं नाही. उत्तर आपल्यालाही ठाऊक नसतं, हे ती जाणते. पुस्तक उघडून दोघींनी मिळून पाहायचं. माळ्यावर गेलेली आपली पुस्तकं अशीच खाली उतरतील.