रडीचा डाव कसा पसरतो?

पिंपळे सौदागरमधल्या सोसायट्यांत संध्याकाळी जिन्यावर चार पोरं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळताना हमखास दिसतात. मध्येच एक जण किंचाळतो, "अरे, भिंतीमागून मारलं! हॅकर आहे हा!"

त्याचा संशय खरा असू शकतो. शत्रू भिंतीआडून बाहेर येताक्षणी पडद्यावर दिसायला हवा, म्हणून तो कुठे आहे हे अशा खेळांत सर्व्हर अनेकदा आधीच कळवून ठेवतो. मेमरीतली ही माहिती चोरटा प्रोग्राम वाचतो आणि भिंत असून नसल्यासारखी होते.

हे करायचं कशासाठी? स्पर्धेत कारण समजतं. ऑक्टोबर २०१८मध्ये शांघायच्या 'काउंटर-स्ट्राइक' या नेमबाजीच्या गेमच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाचा खेळाडू 'फोरसेकन' पकडला गेला. निशाण्याला मदत करणारा प्रोग्राम त्याने 'वर्ड' नावाच्या फाइलीत लपवला होता. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. पण जिथे बक्षीस नाही, उलट आयडी कायमचा बॅन होण्याची भीती आहे, तिथेही लोक हॅक लावतात!

जी उन किम आणि मिलेना त्स्वेत्कोवा या संशोधकांनी 'पबजी' या अशाच गेमचे दहा लाखांहून अधिक सामने तपासले. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मला फार विलक्षण वाटतो. फसवणूक नुसती पाहून लागण होत नाही. नुसतं फसवणाऱ्याच्या हातून मेल्यानेही नाही. दोन्ही घडावं लागतं, तेही एकापेक्षा जास्त वेळा. तेव्हा कुठे सरळ खेळणारा बिघडण्याची शक्यता दिसते. आणि तो उट्टं काढतो ते ज्याने मारलं त्याच्यावर नाही, पुढच्या सामन्यातल्या अनोळखी माणसांवर. जिंकण्याच्या हावेइतकीच इथे 'मीच एकटा का सरळ खेळू?' ही दुखावलेली भावना काम करत असावी, असं मला वाटतं.

मित्रांचाही यात वाटा दिसतो. 'स्टीम' या ऑनलाइन गेमिंग मंचावरच्या १ कोटी २० लाखांहून अधिक खेळाडूंच्या मैत्रीचं जाळं २०१२मध्ये अभ्यासलं गेलं. ज्याचे जास्त मित्र फसवणारे, तो पुढे स्वतः फसवण्याची शक्यता जास्त निघाली. मात्र फसवणूक करणारा म्हणून शिक्का बसला, की त्याच माणसाचे मित्र इतरांपेक्षा जास्त गळत होते, आणि आपलं प्रोफाइल लोकांच्या नजरेआड करण्याकडे त्याचा कल वाढत होता.