चार दिवसांचे दुखणे आणि कुलुपातले औषध

पेरूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले राहाता नगर-मनमाड रस्त्यावर वसले आहे. शिर्डीकडे धावणाऱ्या गाड्या, उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या आणि या दोहोंतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली यांची या रस्त्यावर सदैव झुंबड. अशा गावात हाड मोडणे ही काही बातमी नसते. विहिरीच्या काठावरून घसरलेला, पायावर कोयता बसलेला, ट्रॉलीच्या धडकेने मांडीचे हाड मोडलेला माणूस दवाखान्यात येतो. हाड जुळते, जखम भरते, काही महिन्यांनी तो कामालाही लागतो. पण पहिले तीन-चार दिवस? त्या दिवसांचा हिशेब कोणी ठेवत नाही. ‘थोडं सोसायला हवं’ एवढेच त्याला सांगितले जाते.

खरे म्हणजे या दुखण्यावर औषध आहे आणि ते दोनशे वर्षांहून जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्टुर्नर नावाच्या जर्मन औषधशास्त्रज्ञाने अफूतून मॉर्फीन वेगळे काढले. कोडीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही त्याच गोतावळ्यातली पुढची नावे. काही अफूतून निघालेली, काही कारखान्यात तयार झालेली. मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप ही औषधे वाटेतच मंद करतात. परंतु त्यांची चटक लागू शकते आणि मात्रा चुकली तर श्वासही मंदावतो, थांबतो. तेव्हा यांवर कायद्याची मर्यादा हवी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच, की मर्यादा कशावर घालायची? दिवसांवर, गोळ्यांच्या संख्येवर, की औषधाच्या कपाटावरच?

अफूपासून १९८५ पर्यंत

अफू आपल्याला परकी नाही. गिरणीत कामाला जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला बाळगोळी चाटवीत आणि त्या गोळीत अफू असे. इंग्रज सरकारने अफूवर बक्कळ महसूल मिळवला आणि त्यासाठी १८७८ चा अफू कायदा, पुढे १९३० चा घातक औषधांचा कायदा केला. स्वतंत्र भारतानेही बराच काळ त्यांवरच भागवले. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी मात्र अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांचा नवा, कडक कायदा लागू झाला. ‘एनडीपीएस’ या आद्याक्षरांनी तो आज सर्वांना माहीत आहे.

कायदा तस्करांसाठी होता. गुन्ह्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. तस्कराला त्याची जरब किती बसली हा वादाचा विषय असेल, पण डॉक्टर आणि औषधविक्रेते पुरते हादरले. नोंदवहीत चार गोळ्यांचा फरक पडला तर काय, या धास्तीने दुकानदारांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. त्यातच प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. औषध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणायचे तर चार-पाच परवाने लागत, निरनिराळ्या खात्यांचे, आणि ते सगळे एकाच वेळी मुदतीत असावे लागत. शेवटचा परवाना हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत टळलेली असे.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. १९९७ मध्ये तो जेमतेम १८ किलोवर आला. आकडेमोड ही माझी नोकरीतली जुनी खोड, म्हणून हिशेब मांडून पाहिला. १८ किलो म्हणजे १० मिलिग्रॅमच्या अठरा लाख गोळ्या. कर्करोगाच्या रुग्णाला चार तासांनी एक, म्हणजे दिवसाला सहा गोळ्या धरल्या, तर एवढा साठा सव्वाआठशे रुग्णांनाही वर्षभर पुरत नाही. देशाची लोकसंख्या त्या वेळी नव्वद कोटींच्या पुढे गेली होती!

याहून मोठा विरोधाभास असा, की जगाला औषधासाठी कायदेशीर अफू पुरवणारा देश आपणच. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जाते. पिकवणारे आपण, विकणारे आपण आणि विव्हळत पडणारेही आपणच.

तिजोरीचा दाखला

बँकेतल्या नोकरीने मला मर्यादा या शब्दाचा अर्थ शिकवला. प्रत्येक शाखेला रोकड बाळगण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. संध्याकाळी वहीतला आकडा आणि मोजलेली रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. हे सारे योग्यच आहे. पण एखाद्या मॅनेजरने ऑडिटच्या भीतीने शाखेत रोकडच ठेवली नाही, तर? चोरी होणार नाही, वही नेहमी जुळेल, शेराही चांगला मिळेल. फक्त मुलीच्या लग्नासाठी स्वतःचेच पैसे काढायला आलेला शेतकरी रिकाम्या हाताने परत जाईल. वेदनाशामकांच्या बाबतीत आपण नेमके हेच केले.

माझ्या थोरल्या बहिणीचे खुब्याचे हाड काही वर्षांपूर्वी मोडले. ज्या रुग्णालयात तिला प्रथम नेले, तिथले डॉक्टर कुशल होते, वागायलाही चांगले. रात्री तिचे कण्हणे ऐकवेना म्हणून मी त्यांना गाठले.

“डॉक्टरसाहेब, याहून जोरकस काही देता येणार नाही का?”

“काका, देता येतं. पण त्याचा परवाना, रजिस्टर, तपासणी... आम्ही ते ठेवतच नाही. सकाळपर्यंत दम धरा.”

दम मी धरला होता, सोसत होती ती. दुसऱ्या दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात हलवले. तिथे मोजून-मापून इंजेक्शन मिळाले आणि शुद्धीत असलेल्या माणसासारखी ती माझ्याशी बोलली. घरी सोडताना पाच दिवसांच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. आठ लागल्या. पहिल्या रात्रीच्या त्या उत्तरात कोणाचा दुष्टपणा नव्हता. कायद्याची सावली कायद्याहून लांब पडते, एवढाच त्याचा अर्थ.

कुलूप थोडे सैल झाले

या सावलीविरुद्ध काही माणसे चिकाटीने लढली. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल हे त्यांतले ठळक नाव. मुंबईत डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ उभे केले. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठी देशातली ही पहिली संस्था. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र सुरू झाले. २००७ मध्ये भारतीय उपशामक उपचार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. अमली द्रव्यांचा ‘वैद्यकीय आणि शास्त्रीय वापर वाढवणे’ हाही कायद्याचा हेतू असल्याचे त्यात प्रथमच लिहिले गेले.

मे २०१५ च्या नियमांनी मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवले. राज्याराज्यांचे परवाने गेले. देशभर एकच नियम आला. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेली रुग्णालये ही औषधे ठेवू शकतात. आपल्याकडे हे काम अन्न व औषध प्रशासनाचे. आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते: नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या रुग्णांसाठी ५०० मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फीन जवळ बाळगू शकतो, विक्रीसाठी नव्हे. म्हणजे १० मिलिग्रॅमच्या पन्नास गोळ्या. अपघाताच्या चार-दोन रुग्णांना पहिल्या दिवसांत पुरतील एवढ्या.

म्हणजे कुलूप सैल झाले आहे, पण किल्ली फिरवणारा हात अजून कचरतो.

दुसऱ्या बाजूला ट्रॅमाडॉलचे उदाहरण आहे. हे औषध पूर्वी या कायद्याच्या बाहेर होते. मार्च २०१४ पासून ते ‘एच-१’ अनुसूचीत आले. चिठ्ठीशिवाय विकायचे नाही, वेगळ्या वहीत डॉक्टरचे, रुग्णाचे नाव आणि गोळ्यांची संख्या लिहायची, ती वही तीन वर्षे जपायची. तरीही भारतातून त्याच्या गोळ्यांचा चोरटा ओघ आफ्रिकेकडे वाहत राहिला. २०१७ मध्ये इटलीतील जिनोव्हा बंदरात सुमारे पावणेचार कोटी गोळ्या पकडल्या गेल्या. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही एनडीपीएस कायद्याखाली आले. ते चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. पण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या म्हातारीच्या हातात जे एक औषध सहज पडत होते, त्याच्याकडेही आता दुकानदार साशंकतेने पाहतो.

अमेरिकेचा धडा

मग मोकळीक द्यावी का? त्याचे उत्तर अमेरिकेने दिले आहे, आणि ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत त्या मराठी घरांना ते ठाऊक असेल. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीने ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आणले. याची सवय क्वचितच लागते, असे डॉक्टरांना पटवले. अक्कलदाढ काढली तरी पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी जाऊ लागल्या. उरलेल्या गोळ्या न्हाणीघरातल्या कपाटात राहिल्या आणि घरातल्या पोरांच्या हाती लागल्या. २००७ मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण तोवर आग पसरली होती.

२०१७ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केलेली पाहणी बोलकी आहे. पहिली चिठ्ठी एका दिवसाची असलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक वर्षानंतरही अशी औषधे घेत होते. आठ दिवस किंवा अधिक असेल तर १३ टक्क्यांहून जास्त. महिन्याहून अधिक असेल तर जवळजवळ ३० टक्के. ज्याचे दुखणे मोठे त्याची चिठ्ठीही मोठी, हे लक्षात घेतले तरी चढण दुर्लक्षिण्यासारखी नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये पहिल्या चिठ्ठीवर सात दिवसांची मर्यादा घातली. फ्लोरिडाने २०१८ मध्ये तात्पुरत्या दुखण्यासाठी तीन दिवस ठरवले, कारण लिहिले तर सात. पण तिकडेही लंबक दुसऱ्या टोकाला गेला. खरोखर गरज असलेल्यांची औषधे झटक्यात तोडली गेली. म्हणून २०२२ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून तीन आणि सात हे आकडे काढण्यात आले. दुखणे जितके दिवस टिकण्याचा अंदाज तितकेच औषध, असे शब्द आले.

आपल्या कायद्यात पहिल्या चिठ्ठीवर दिवसांची अशी देशव्यापी अट नाही. आपला कायदा विचारतो, औषध कोणाच्या ताब्यात आहे? अमेरिकेचा विचारतो, किती दिवस? माझ्या मते तात्पुरत्या दुखण्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक शहाणा आहे, मात्र पहिली मात्रा वेळेवर मिळण्याची खात्री असेल तरच. तीन ते पाच दिवस, मोजक्या गोळ्या, पुढे लागल्यास डॉक्टरांनी पुन्हा तपासून लिहून द्याव्यात. तस्कराला दहा गोळ्यांत रस नसतो. हाड मोडलेल्याला मात्र दहा गोळ्यांत झोप मिळते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. तालुक्याच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने मान्यता घेणे, एका डॉक्टरला त्याचे प्रशिक्षण मिळणे आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने वहीतील खाडाखोड आणि चोरी यांतला फरक ओळखणे, एवढ्याने पुष्कळ होईल. राहाता तालुक्यातच लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे, शिर्डीला संस्थानची रुग्णालये आहेत. ग्रामीण महाराष्ट्रातल्या फार थोड्या तालुक्यांचे असे भाग्य. मोठ्या रुग्णालयांतले ज्ञान लहान दवाखान्यांपर्यंत पोहोचवण्याची सुरुवात अशाच ठिकाणी होऊ शकते.

आणि आपण घरच्यांनी? प्रत्येक दुखण्याला ही औषधे लागत नाहीत. पुष्कळदा पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळीवर भागते. पण साधी म्हणून अंगदुखीची कुठलीही गोळी दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाणेही बरे नव्हे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात. जोरकस औषध लिहून दिले, तर ते किती दिवसांचे हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. झोपेची गोळी किंवा दारू यांच्या जोडीला ते कधीही घेऊ नये. बद्धकोष्ठ होते, त्याचाही उपाय विचारावा. उरलेल्या गोळ्या ‘पुढे लागतील’ म्हणून डब्यात ठेवू नयेत, शेजारणीच्या गुडघ्यासाठी तर मुळीच देऊ नयेत.

मात्र रुग्ण तळमळत असताना डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. ‘यांचं दुखणं कमी होईल असं काही तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुठे मिळेल?’ हा उद्धट प्रश्न नव्हे. सोसण्याला आपल्याकडे फार मान आहे. बाळंतिणीने सोसावे, म्हाताऱ्यांनी सोसावे, कामकऱ्याने तर सोसावेच. ज्याचे जळते त्याला कळते हे खरे, पण २०१४ पासून कायद्यानेही ते कळल्याचे लिहून दिले आहे. ते लिहिलेले तालुक्याच्या दवाखान्यातल्या खाटेपर्यंत पोहोचायला हवे, आणि ते विचारल्यावाचून पोहोचणार नाही.