परभणीची पावडर, ध्रुवाचे पाणी

परभणी-सेलूकडच्या साठीतल्या शेतकऱ्यापुढे ‘बीएचसी पावडर’ एवढे नाव काढले, तरी त्याला तिचा कुबट वास आठवतो. ज्वारीवर, कापसावर ती धुरळली जाई, मुंग्यांच्या बिळांतही पडे. भारतात १९९७ साली तिच्यावर बंदी आली. त्याच दशकात संशोधक उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात हेच द्रव्य मोजत होते! ते नेमके कोणत्या शिवारातले, हे सांगता येणार नाही. पण चीन आणि भारत हे तिचे फार मोठे वापरकर्ते होते.

बीएचसीचे रासायनिक नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन. तिच्यातला किडी मारणारा गॅमा प्रकार जेमतेम १० ते १५ टक्के. ६० ते ७० टक्के भाग अल्फा प्रकाराचा, आणि किडीसाठी तो जवळजवळ निकामी. शेतकऱ्याने पैसे मोजले ते बहुतांशी या प्रवाशासाठी.

हा प्रवास वर्गात दाखवता येतो. डांबराच्या गोळीचा चुरा पेल्यात घालून पेला गरम पाण्यात ठेवू या. वर बर्फ ठेवलेली ताटली झाका. थोड्या वेळाने ताटलीच्या खालच्या बाजूस चकचकीत स्फटिक दिसतील. (खिडक्या उघड्या हव्यात, वाफ हुंगू देऊ नये.) मे महिन्यातले परभणीचे तापलेले रान म्हणजे पेला, ध्रुव म्हणजे ताटली. तापल्या मातीतून द्रव्य हवेत जाते, थंडीत खाली उतरते, पुन्हा उडते. असे टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. शिवाय पाणी जितके थंड, तितके ते हवेतून अधिक शोषले जाते.

तिथे पोचल्यावर काय होते? समुद्राच्या पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन अल्फाचे रेणू फोडतात. २० अंश सेल्सिअसला निम्मे रेणू फुटायला सुमारे ०.८ वर्ष लागते. दर १० अंशांनी वेग निम्मा होतो हा आपला ढोबळ नियम लावला, तर ५ अंशांना सव्वादोन वर्षे यावीत. प्रत्यक्षात येतात २६! या क्रियेला ऊर्जा फार लागते, आणि थंड पाण्यात हायड्रॉक्साइड आयनही कमी असतात. सुदैवाने जिवाणू याहून जलद काम करतात. तरीही बरेचसे द्रव्य उरते, चरबीत साठते, माशांतून सीलमध्ये जाते. सील खाणाऱ्या इन्युइट मातांच्या दुधातही अशी क्लोरीनयुक्त द्रव्ये सापडली आहेत. त्यांनी कधी कापूस पाहिलाही नसेल.

वापर घटला, हवा निवळली, आणि समुद्र साठवलेला अल्फा परत हवेत सोडू लागला. हे कळले कसे? अल्फाचे रेणू उजव्या-डाव्या हातांसारखे दोन घडणींचे असतात. कारखान्यातून दोन्ही निम्मे-निम्मे निघतात. जिवाणू मात्र एक घडण अधिक वेगाने संपवतात. समुद्रावरच्या हवेतही हेच बिघडलेले प्रमाण मिळाले. म्हणजे ते रेणू नव्या पोत्यातले नव्हते. पाण्यात वर्षानुवर्षे काढून वर आलेले होते.