दुसरी बॅटरी (कॅम्पर व्हॅन)

कॅम्पर व्हॅन, कॅरॅव्हॅन यांसारख्या निवासयोग्य वाहनात दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप इत्यादी उपकरणांसाठी बसविलेल्या स्वतंत्र बॅटरीस दुसरी बॅटरी म्हणतात. इंजिन सुरू करणारी मूळ बॅटरी मुक्कामात रिकामी होऊ नये, हा तिचा मुख्य हेतू होय. रसायनशास्त्रातील ‘दुय्यम घट’ ही संज्ञा पुन्हा प्रभारित करता येणाऱ्या कोणत्याही विद्युतघटास लावतात. ‘दुसरी बॅटरी’ ही वेगळी गोष्ट आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. सातारा जिल्ह्यातील तापोळा, बामणोली किंवा सांगली जिल्ह्यातील चांदोली धरणाचा परिसर अशा आडवाटेच्या ठिकाणी पहाटे गाडी सुरू झाली नाही, तर मदत लवकर मिळत नाही. दुसऱ्या बॅटरीची खरी गरज अशा ठिकाणी कळते.

आवश्यकता

मूळ बॅटरीतील पट्ट्या पातळ व संख्येने अधिक असतात. काही सेकंदांपुरता शेकडो अँपिअरचा प्रवाह देणे हे तिचे काम. तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देत खोलवर रिकामे होणे तिला मानवत नाही. दुसरी बॅटरी जाड पट्ट्यांची ‘डीप सायकल’ किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असते.

क्षमता ठरविताना दिवसाचा वापर मोजावा लागतो. प्रत्येकी ६ वॅटचे दोन दिवे पाच तास (६० वॅट-तास), २० वॅटचा पंखा आठ तास (१६०), ५० वॅटचा फ्रिज प्रत्यक्षात आठ तास (४००) आणि मोबाइल वगैरे ६० असे धरल्यास एकूण ६८० वॅट-तास होतात. १२ व्होल्टने भागल्यास सुमारे ५७ अँपिअर-तास येतात. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी आयुर्मानासाठी निम्मीच वापरणे योग्य असल्याने ती अपुरी पडते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येत असल्याने पुरते.

जोडणी

दोन्ही बॅटऱ्या नुसत्या तारेने कायमच्या जोडल्या, तर दोन्ही एकत्रच रिकाम्या होतात आणि खर्च वाया जातो. म्हणून दोहोंमध्ये विलगक बसवितात. व्होल्टेजवर चालणारा रिले हा जुना व स्वस्त मार्ग आहे. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि ते १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो.

बीएस-६ मानकाच्या (१ एप्रिल २०२० पासून लागू) अनेक वाहनांत मात्र ही युक्ती फसते. त्यांतील ‘स्मार्ट’ अल्टरनेटर इंधन वाचविण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो आणि उतारावर इंजिनच्या ब्रेकने गाडी रोखली जात असताना ते वाढवितो. घाटातून उतरताना भरणारी दुसरी बॅटरी सपाटीवर उपाशीच राहते. यावर डीसी-डीसी चार्जर हा उपाय आहे. आत येणारे व्होल्टेज काहीही असो, तो बॅटरीला हवे तेवढेच पुरवितो. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ती रिलेमार्फत भरमसाट प्रवाह ओढते. केळघर घाटासारख्या चढावर गाडी संथ चालत असताना अल्टरनेटर त्यामुळे तापून जळू शकतो, म्हणून तिला डीसी-डीसी चार्जर जवळजवळ अनिवार्य ठरतो. ३० अँपिअरच्या चार्जरने वरील ५७ अँपिअर-तास भरून येण्यास दोन तास लागतात. सातारा ते सांगली हा सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास त्यास पुरेसा आहे.

तार निवडताना कंजुषी महागात पडते. बॅटऱ्यांमधील अंतर ५ मीटर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची तार लागते. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३० अँपिअरला सुमारे ०.८८ व्होल्ट वाया जातात, १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.३३.

सुरक्षितता

सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे फ्यूज. तो बॅटरीचे रक्षण करतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो तारेचे रक्षण करतो, म्हणून त्याचा आकडा तारेच्या वहनक्षमतेपेक्षा कमी असावा लागतो. दोन बॅटऱ्यांमधील धन तारेला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण दोन्ही टोकांना विजेचा स्रोत आहे. पत्र्याच्या धारेवर घासून वेष्टन फाटले, की तार सांगाड्याला टेकते आणि हजारभर अँपिअर वाहू लागतात. एकाच टोकाला फ्यूज असल्यास दुसरी बॅटरी ती तार लाल होईपर्यंत तापवीत राहते. फ्यूज बॅटरीच्या अग्रापासून शक्यतो एका वितीच्या आत असावा, कारण तेथपर्यंतची तार असंरक्षितच असते. पत्र्यातील भोकातून तार नेताना रबरी कडे घालतात.

काम करताना प्रथम ऋण अग्र सोडवावे व शेवटी तेच जोडावे. ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असताना धन अग्रावरील पाना सांगाड्याला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट होते. शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. तो ज्वालाग्राही असल्याने ती झोपण्याच्या जागेत ठेवायची झाल्यास बंद पेटीत ठेवून पेटीची हवा नळीने बाहेर काढावी लागते.

लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली भरल्यास तिचे कायमचे नुकसान होते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात काही पहाटे दवबिंदू गोठतात; तेथे बॅटरी गाडीच्या आत ठेवणे व थंडीत भरणे थांबविणारे नियंत्रक असलेली घेणे हिताचे. याउलट जत, आटपाडी या तालुक्यांतील उन्हाळ्यात बंद गाडीतील उष्णता शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य घटविते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करण्यास मनाई आहे. साध्या व्हॅनचे निवासी वाहन करताना बॅटरीबरोबर आसने, पलंग, ओटा हे बदलही होत असल्याने काम हाती घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी लागते.