चाक जड झाले तर

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण सायकल चालवतात. पावसाळ्यात सायकल अंगणात भिजत राहिली, तर काय होते? काही दिवसांनी ब्रेक दाबायला फार जोर लावावा लागतो. दाबलेला ब्रेक लवकर सुटतही नाही. हँडल चांगले असते. ब्रेकचे रबरही चांगले असते. बिघाड असतो तो त्या दोघांना जोडणाऱ्या तारेत. ही तार एका नळीतून जाते. नळीत पाणी शिरते, तार गंजते आणि अडकते.

सायकलचा ब्रेक जड झाला, तर आपण खाली उतरतो आणि सायकल हातात धरून घरी येतो. पण अशीच तार वेगाने धावणाऱ्या बोटीत अडकली तर? नदीच्या मध्यावर उतरणार कोठे?

अशी तार जेट बोटीत असते. ही बोट न्यूझीलंड देशात तयार झाली. त्या देशाच्या दक्षिण बेटावर डोंगरांतून वाहत येणाऱ्या पुष्कळ नद्या आहेत. त्यांचे पात्र रुंद असते, पण पाणी उथळ असते. तळाशी दगडगोटे असतात. साध्या मोटारबोटीचा पंखा बोटीच्या खाली पाण्यात फिरतो. उथळ नदीत तो दगडांवर आपटून मोडतो. विल्यम हॅमिल्टन या शेतकऱ्याला याच नद्यांतून बोट न्यायची होती. ते मेंढ्या पाळत आणि यंत्रेही बनवत. १९५४ च्या सुमारास त्यांनी यावर उपाय शोधला.

त्यांनी पंखा बोटीच्या पोटात बसवला. हा पंखा खालून पाणी आत ओढतो आणि मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकतो. पाण्याचा झोत मागे जातो, म्हणून बोट पुढे जाते. फुगवलेला फुगा हातातून सोडला, की तो कसा पळतो ते आठवा. बाहेर काही लोंबत नसल्यामुळे वेगात असलेली जेट बोट वीतभर पाण्यातूनही जाते. १९६० साली अशा बोटी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या खोल दरीतून प्रवाहाच्या उलट दिशेने वर गेल्या. १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन आपल्या देशात आले. बंगालच्या उपसागरातून निघून ते गंगेने हिमालयाकडे गेले. शेवटी नंदप्रयागजवळ एका धबधब्याने त्यांची वाट अडवली.

जेट बोटीला सुकाणू नसते. मग ती वळते कशी? मागच्या तोंडाला एक फिरणारी तोटी बसवलेली असते. तिला नॉझल म्हणतात. नॉझल उजवीकडे वळले, की पाण्याचा झोत उजवीकडे जातो आणि बोटही उजवीकडे वळते. चालक पुढे बसतो आणि नॉझल मागे असते. पुष्कळ बोटींत या दोघांना एक लांब केबल जोडते. बाहेरून नळी आणि आत जाड तार, अशी तिची रचना असते. सायकलच्या ब्रेकची तार फक्त ओढते. ही तार मात्र ओढते आणि ढकलतेही. चालकाने चाक एकीकडे फिरवले, की ती पुढे सरकते. दुसरीकडे फिरवले, की मागे येते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. झोत असेल तरच जेट बोट वळते. समोर खडक दिसला, की घाबरलेला माणूस इंजिनाचा वेग एकदम कमी करतो. त्यामुळे झोत बंद पडतो आणि बोट सरळ खडकाकडेच जाते. म्हणून चालकाला वेग थोडा ठेवून झटकन वळावे लागते. त्याच क्षणी चाक अडकले, तर काय होईल याचा विचार करा!

परंतु केबल बहुधा एका दिवसात अडकत नाही. आधी चाक थोडे जड लागते. मग एका बाजूला जास्त जड लागते. मग ते झटके देत फिरते. हा केबलने दिलेला इशारा असतो. "चालते आहे ना, मग चालू दे," असे म्हणणारा माणूस हा इशारा ऐकत नाही. जोर लावून चाक फिरवणारा तर अधिकच नुकसान करतो. शहाणा कारागीर आधी विचारतो, "नेमके अडकले कोठे?"

हे शोधण्याची रीत सोपी आहे. बोट जमिनीवर घेतात. इंजिन बंद करून किल्ली काढून ठेवतात. मग केबलचे मागचे टोक नॉझलपासून सोडवतात आणि नॉझल हाताने हलवून पाहतात. ते जड असेल, तर त्याच्या सांध्यात वाळू, खडा किंवा गंज असतो. तो सांधा गोड्या पाण्याने धुतात, साफ करतात आणि पाण्याने न धुपणारे ग्रीस लावतात. नॉझल सहज हलले, तर चाक फिरवून पाहतात. चाक अजून जड असेल, तर केबलचे पुढचे टोकही सोडवतात आणि नुसते चाक फिरवतात. आता ते हलके फिरले, तर दोष केबलमध्येच आहे. ते तरीही जड राहिले, तर चाकामागच्या दातेरी यंत्रात दोष आहे. डॉक्टर जसे दुखणारी जागा शोधून मगच औषध देतात, तसेच हे आहे.

केबलमध्ये दोष असेल, तर आधी तिची वाट पाहतात. ती कोठे फार वाकली आहे का? तिच्यावर जड सामान ठेवले आहे का? ती दोरीने आवळून बांधली आहे का? कधी कधी एवढे दूर केले, तरी चाक हलके होते. मग मागच्या टोकाची दांडी पाहतात. तिच्यावर वरवरचा गंज असेल, तर ती पुसतात. गंज सैल करणारे तेल लावून रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती थोडी पुढे, थोडी मागे अशी हळूहळू हलवतात. हातोडी मारत नाहीत. पकडीने दांडी ओढत नाहीत, कारण तिच्यावर ओरखडे पडले, तर पाणी अडवणारे रबर फाटते.

पण गंज नळीच्या आत पोचला असेल, तर? लांब केबलच्या आत सगळीकडे तेल पोचत नाही. तेलाने ती दोन दिवस सैल होईल आणि पुन्हा अडकेल. बाहेरची नळी फुगली असेल किंवा चिरली असेल, तर आत पाणी शिरले असे समजावे. अशा वेळी नवी केबल घालणे हाच उपाय आहे. येथे पैसे वाचवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

केबल जोडल्यावर आणखी एक तपासणी असते. एकजण चाक फिरवतो आणि दुसरा मागे उभा राहून पाहतो. चाक उजवीकडे, तर नॉझल उजवीकडे. चाक डावीकडे, तर नॉझल डावीकडे. हे पाहिल्याशिवाय बोट पाण्यात उतरवत नाहीत.

यापेक्षाही रोजची काळजी सोपी आहे. समुद्रातून आल्यावर बोट गोड्या पाण्याने धुवावी, कारण मिठाने गंज लवकर चढतो. मागचे रबर फाटले आहे का, ते पाहावे. बोट पडून असली, तरी अधूनमधून चाक दोन्ही बाजूंना फिरवावे. कोकणात व गोव्यात किनाऱ्यावर वॉटर स्कूटर दिसतात. त्याही अशाच झोताने चालतात आणि वळतात. त्यांनाही हीच काळजी लागते.

मुलांनो, तुमच्याजवळ जेट बोट नसेल, पण सायकल असेल. उद्या ब्रेक जड लागला, तर जोर लावू नका. आधी विचारा, "नेमके अडकले कोठे?"

शब्दार्थ
उथळ – कमी खोल
सुकाणू – नाव वळवण्याचे साधन
झोत – जोराने येणारा प्रवाह
इशारा – धोक्याची सूचना

स्वाध्याय
१. जेट बोटीचा पंखा बोटीच्या आत का बसवला आहे?
२. खडक समोर दिसल्यावर इंजिनाचा वेग एकदम कमी करणे धोक्याचे का आहे?
३. दोष नॉझलमध्ये आहे की केबलमध्ये, हे कसे ओळखतात?
४. तुमच्या सायकलच्या ब्रेकची तार तपासा. काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.