मोटारीच्या रंगावरील बारीक दोष

हौशी गृहस्थ मोटारीचें बॉनेट घरच्या घरीं रंगवितो. अस्तर झालें, रंग झाला, शेवटीं पारदर्शक लॅकरचा हात फिरला आणि पत्रा आरशासारखा चमकूं लागला. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळच्या तिरप्या उन्हांत पाहावें, तों कोठें धुळीचा कण चिकटलेला, कोठें ओघळ आलेला, कोठें टांचणीच्या डोक्याएवढा खळगा पडलेला! यांतील बहुतेक दोष काढतां येतात. काम बिघडतें तें उतावीळपणामुळें.

प्रथम एक माप ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारखान्यांतून आलेल्या मोटारीवर लॅकरचा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लिहिण्याचा कागद सुमारें १०० मायक्रॉन जाड धरला, तर हा थर अर्ध्या कागदाएवढाच भरतो. घरीं दिलेला थर याहून फार जाड असेल असें धरून चालूं नये. उन्हांतील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण तोच करतो. तेव्हां दोष घासून काढणें म्हणजे या तुटपुंज्या भांडवलांतून खर्च करणें होय.

ओल्या लॅकरवर चिलट बसलें तरी त्यास बोट लावूं नये. बोटाचा डाग चिलटाहून मोठा होतो. हार्डनर घातलेलें लॅकर एका रात्रींत वरून सुकतें, पण आंतून कठीण होण्यास हवेप्रमाणें कांहीं दिवस लागतात. डब्यावरील सूचना प्रमाण मानावी. ओघळ तर जाड असल्यामुळें सर्वांच्या मागून वाळतो.

पूर्ण कठीण झाल्यावर धुळीचा कण २००० नंबरच्या वॉटर पेपरनें, साबणाच्या पाण्यांत, तेवढ्यापुरताच घासावा. ओघळाच्या दोन्ही बाजूंस चिकट टेप लावून १५०० नंबरचा कागद लहानशा कठीण ठोकळ्यावर गुंडाळावा, म्हणजे फक्त उंचवटा झिजतो. नुसत्या बोटानें घासल्यास चर पडतात. पाणी दुधासारखें पांढरें येतें तोंवर लॅकरच झिजत असतें. त्यांत रंग दिसूं लागला कीं हात थांबवावा. तेथें लॅकर संपलें, आणि मग कोणतेंही कंपाउंड कामास येत नाहीं. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. पत्र्याच्या कडांवर थर विरळ असतो, म्हणून कडा टेपनें झांकून ठेवाव्या.

खळग्याचें कारण बहुधा तेलाचा, मेणाचा किंवा सिलिकॉनच्या पॉलिशचा राहून गेलेला अंश. तेथें घासून भागत नाहीं. जागा स्वच्छ पुसून, हलकेंच खरवडून, बारीक कुंचल्यानें लॅकरचा थेंब सोडावा. वाळतांना तो आकसतो, म्हणून दोन-तीन वेळां भरून किंचित् वर राहूं द्यावा व मग समपातळीस आणावा. शेवटीं ३००० नंबरचा कागद आणि मऊ फडक्यावर कंपाउंड, इतक्यानें चकाकी परत येते.

एक धोका मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. बहुतेक हार्डनरांत आयसोसायनेट असतें; फवाऱ्याची वाफ श्वासावाटें गेल्यास कायमचा दमा जडूं शकतो. नाकाला रुमाल बांधून कांहीं साधत नाहीं. असें लॅकर फवारण्याचें काम योग्य साधनें असलेल्या कारखान्याकडे सोंपवावें. वरचे दोष काढण्याचें काम घरीं खुशाल करावें.

नव्या लॅकरवर मेणाचें पॉलिश साधारण महिनाभर लावूं नये. आंत राहिलेल्या थिनरला उडून जाण्यास वाट हवी असते.