सिनेमाची भिशी



एक प्रश्न विचारते, मनातल्या मनात उत्तर द्या. गेल्या वर्षभरात तुमच्या घरी टीव्हीवर किंवा फोनवर जेवढे सिनेमे लागले, त्यातला एक तरी तुम्ही स्वतः निवडलेला होता का? बऱ्याच घरांत रिमोट असतो मुलांच्या हातात, नाहीतर कर्त्या माणसाच्या. आपण भाकऱ्या थापता थापता दिसेल ते, आणि जेवढं दिसेल तेवढं पाहतो. मध्येच कुकरची शिट्टी होते, कोणी पाणी मागतं, आणि परत येऊन बसेपर्यंत नायिकेचं लग्न लागून गेलेलं असतं.

आज आपण बोलणार आहोत फोनवर चालणाऱ्या सिनेमा मंडळाबद्दल. दहा-बाराजणींनी मिळून एक सिनेमा ठरवायचा, ज्या त्या बाईने तो आपल्या सवडीने आपल्या घरी पाहायचा आणि ठरलेल्या दिवशी व्हॉट्सॲपवर त्याबद्दल बोलायचं. एवढंच. हॉल नको, पडदा नको, रात्री घराबाहेर पडायला नको.

अशी मंडळं आपल्या देशात नवी नाहीत. १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे. चांगला सिनेमा मिळवायचा, मिळून पाहायचा आणि मग त्यावर बोलायचं, हे त्यांचं काम. पण त्याला प्रोजेक्टर लागायचा, जागा लागायची, म्हणून ते शहरात राहिलं. आता तोच सिनेमा फोनवर येतो, तर हे काम आपल्या वस्तीवरही होऊ शकतं.

निवड कोणी करायची?

सगळ्या मंडळाचा जीव या एका प्रश्नात आहे, म्हणून तो आधी घेऊ.

पहिल्यांदा सुचतं ते मतदान. व्हॉट्सॲपवर पोल टाकायचा, ज्याला जास्त मतं तो सिनेमा पाहायचा. ऐकायला बरं वाटतं. पण हिशेब करून पाहा. गटात बाराजणी आहेत. सातजणींना विनोदी सिनेमे आवडतात, पाचजणींना वेगळं काही पाहायचंय. दर वेळी मत घेतलं, तर दर वेळी सात विरुद्ध पाच. वर्ष गेलं तरी त्या पाचजणींचा सिनेमा लागणार नाही. शिवाय अशा पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते बहुतेक वेळा सगळ्यांना दिसतं. अध्यक्षबाईंनी आधी मत टाकलं की मागून येणारीचं बोट आपोआप तिकडेच जातं. सासू आणि सून एकाच गटात असतील, तर सुनेचं मत काय असणार, हे मी सांगायला नको.

म्हणून यात आपली भिशी कामाला घ्या. भिशीत काय होतं? सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. ज्या बाईचं नाव निघालं तिची भिशी. एकदा लागली की तिची चिठ्ठी बाजूला, आणि सगळ्यांची पाळी होईपर्यंत कोणालाही दुसऱ्यांदा नाही. सिनेमाचंही असंच करायचं. चिठ्ठी निघेल ती बाई सिनेमा निवडेल. बाराजणी असतील आणि दर पंधरा दिवसांनी एक सिनेमा घेतला, तर साडेपाच महिन्यांत सगळ्यांची फेरी पूर्ण होते. मतदान ठेवायचं ते कशासाठी? बोलायचं शनिवारी की रविवारी, दुपारी की रात्री, एवढ्यापुरतंच.

पाळी आलेल्या बाईने आवाजी संदेशात तीन गोष्टी सांगायच्या: सिनेमाचं नाव, तो कुठे पाहायला मिळेल, आणि मी हा का निवडला. ‘का’ सांगायला एक मिनिट पुरतं. बाकीच्यांचा नियम एकच. नसेल पाहायचा तर पाहू नका, पण निवड बदल असं म्हणायचं नाही.

अडचण कुठे येते माहीत आहे? पाळी येते आणि बाई म्हणते, “अगं, मला काय कळतंय सिनेमातलं? तुम्हीच ठरवा.” इथे मंडळाची परीक्षा असते. ‘बरं, मग मी सांगते’ म्हणून तिची पाळी कोणी उचलली, तर तिची निवड गेली ती गेलीच. तिला वेळ द्या. विचारा, “मावशी, लहानपणी जत्रेत तंबूत कुठला सिनेमा पाहिला होता? त्यातलं काय आठवतंय?” नाव आठवत नसेल, गाणं आठवेल. नट आठवेल. तेवढ्यावरून शोधणारी पोर कोणाच्या तरी घरात असतेच. पण शोध तिच्यासाठी, निवड तिचीच.

सुरुवातीला काय पाहाल?

पहिल्या एक-दोन वेळा नावं सुचत नाहीत, म्हणून काही सांगते. हे फक्त उदाहरणादाखल, तुमची यादी तुम्हीच करायची.

‘मंथन’ हा श्याम बेनेगल यांचा १९७६ चा हिंदी सिनेमा. एका गावात दुधाची सहकारी संस्था उभी राहते, तेव्हा जात, सावकारी आणि राजकारण कसं आडवं येतं, ते त्यात आहे. स्मिता पाटील आहे. बचत गट चालवणाऱ्या बाईला यातली भांडणं नवी वाटणार नाहीत. या सिनेमाला पैसा कोणी दिला? गुजरातमधल्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाख रुपये उभे राहिले. सिनेमा लागला तेव्हा गावोगावचे शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला गेले, कारण तो त्यांचा स्वतःचा होता.

‘कुंकू’ व्ही. शांताराम यांचा, १९३७ चा. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्या लग्नाला मनाने नकार देते आणि घरात राहूनच तो नकार टिकवते. शांता आपटे यांनी ते काम केलं आहे. एवढा जुना सिनेमा, पण आजी, सून आणि नात तिघी एकत्र बसून पाहतील आणि तिघींचं मत वेगळं निघेल.

सुमित्रा भावे समाजकार्य शिकवत आणि बायकांच्या जगण्याचा अभ्यास करत. ज्या बायकांबद्दल अभ्यास, त्यांच्यापर्यंत तो कागदावरून पोचत नाही, म्हणून त्या सिनेमाकडे वळल्या. झोपडपट्टीतल्या एका स्त्रीवरचा ‘बाई’ हा लघुपट त्यांनी १९८५ साली केला. पुढे सुनील सुकथनकर यांच्याबरोबर केलेला ‘दोघी’ दोन बहिणींचा आहे.

हलकंफुलकं हवं असेल तर २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’ आहे, सहा बहिणींचा. मुलांनाही बरोबर घ्यायचं असेल, तर ‘टिंग्या’ बघा. शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याच्या बैलाची गोष्ट. घरात दावणीला जनावर असेल तर रुमाल जवळ ठेवा.

मुलं शेजारी बसणार असतील तर सिनेमाचं प्रमाणपत्र आधी पाहा. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. मधल्या ‘यूए’पुढे आता ७, १३ किंवा १६ असा वयाचा आकडाही येतो. ‘ए’चा सिनेमा निवडला असेल, तर निवडणाऱ्या बाईने तसं आधीच सांगावं.

पाहायचा कसा?

सलग दोन तास आपल्याला कोण देतंय? म्हणून एका बैठकीत पाहायचा हट्ट नको. अर्ध्या अर्ध्या तासाचे चार तुकडे केले, तर आठवड्यात सिनेमा सहज होतो. एक पथ्य मात्र पाळा. बोलण्याचा दिवस उजाडेपर्यंत शेवट कोणी फोडायचा नाही.

डेटाचं गणित करा. चित्र जेवढं स्पष्ट, तेवढा डेटा जास्त. यूट्यूबवर ‘क्वालिटी’ असा पर्याय असतो. तिथे ३६० निवडलं, तर दोन तासांच्या सिनेमाला साधारण अर्धा जीबी जातो. ७२० ठेवलं तर त्याच्या कितीतरी पट. लहान फोनवर ३६० पुरतं. रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर उरलेला डेटा रात्री बाराला संपून जातो. झोपण्यापूर्वी त्यातच सिनेमा ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी रेंज नसली तरी पाहता येतो. सगळ्याच सिनेमांना ही सोय नसते, म्हणून आधी तपासा.

सिनेमा घ्यायचा तो बनवणाऱ्यांनी किंवा हक्क असणाऱ्यांनी टाकलेल्या जागेवरून. आपल्याकडे सिनेमावरचा हक्क ६० वर्षं टिकतो. ‘कुंकू’सारख्या जुन्या सिनेमांची ती मुदत संपली आहे. नवीन सिनेमाची चोरून केलेली प्रत ग्रुपवर फिरवायची नाही.

यात दुसराही धोका आहे, आणि तो आपल्या पैशाला आहे. ‘फुकट सिनेमा, इथे दाबा’ अशी लिंक येते. दाबलं की एखादं ॲप उतरवायला सांगतात. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर हात लावू नका. असं ॲप फोनमध्ये शिरलं तर तुमचे संदेश, बँकेचे ओटीपी दुसऱ्याला वाचता येतात. ज्या फोनवर गटाचा हिशेब आणि पैशांचे व्यवहार आहेत, त्यावर तर मुळीच नको. चुकून दाबलं गेलं आणि खात्यातून पैसे गेले, तर लाजू नका, थांबू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

बोलायचं काय?

सिनेमासाठी वेगळा ग्रुप करा. बचत गटाच्या ग्रुपवर हप्त्याची आठवण आणि सिनेमाची चर्चा एकत्र आली की दोन्ही हरवतात. एरवी ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा आणि बोलण्याच्या दिवशी सगळ्यांना खुली करा. म्हणजे सुप्रभातच्या फुलांखाली सिनेमा गाडला जाणार नाही. ॲडमिनचं कामही पाळीपाळीने घ्या.

लिहिण्यापेक्षा आवाजी संदेश बरे. जिला लिहिता येत नाही तीही बरोबरीने बोलते. प्रत्येकीने दोन मिनिटांच्या आत बोलायचं आणि सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. ‘आवडला का?’ असं विचारलं तर ‘हो, छान होता’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: कोणत्या ठिकाणी तुम्हाला राग आला? त्या बाईच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? सिनेमात कोणाचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही?

आणि हे लक्षात ठेवा. ग्रुपवर आपल्या घरातलं सांगायचं नाही. फोन घरात चार हातांत फिरतो, आवाजी संदेश कोणीही ऐकतं. बोलायचं ते सिनेमातल्या बाईबद्दल. “नीराने बरोबर केलं” असं म्हणताना एखादीला स्वतःबद्दलच काही म्हणायचं असतं. तिला ते म्हणू द्या. ‘तुझ्या घरी पण असंच आहे का गं?’ असं चारचौघींत विचारू नका. इथला आवाज दुसऱ्या ग्रुपवर पाठवायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

ज्या मागे राहतात त्यांचं काय?

प्रत्येकीकडे स्वतःचा फोन नसतो. अशा वेळी दोघी-तिघींची जोडी लावा. एकीचा फोन, दुसरीचं अंगण, आणि शेंगा फोडता फोडता सिनेमा. बोलताना मात्र दोघींचे संदेश वेगवेगळे. एकीने दोघींचं मत सांगायचं नाही.

घरून विचारणा होईल, “एवढा वेळ फोनमध्ये काय चाललंय?” लपवू नका. पहिला सिनेमा घरच्यांना बरोबर बसवून पाहा. सासूबाईंनाच सभासद करून घेतलं तर उत्तमच, पण चिठ्ठी त्यांची वेगळी आणि तुमची वेगळी.

दिवाळीच्या सुमाराला आपल्यातल्या काहीजणी ऊसतोडीला जातात, त्या चार-पाच महिने गावात नसतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी दूर असतात. बैठकीतून त्यांची नावं गळतात. फोनवरच्या मंडळातून ती गळायला नकोत. फडावर चार्जिंग नसतं, अंग मोडून आलेलं असतं, त्यामुळे त्यांना सिनेमा पाहणं जमेलच असं नाही. तरी त्यांची चिठ्ठी डब्यात राहू द्या. त्यांची पाळी निघाली तर एका फोनवर सिनेमाचं नाव त्या सांगतील, गावातल्या बाकीच्या पाहतील, आणि काय बोलणं झालं ते त्यांना कळवतील. ती परत आल्यावर पाहील. निवड तिची होती, हे तर कोणी काढून घेत नाही.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं जास्त बसा. एक रिकामा डबा घ्या, नावांच्या चिठ्ठ्या करा, आणि एखाद्या लहान मुलीला पहिली चिठ्ठी काढायला सांगा. जिचं नाव निघेल तिला विचार करायला दोन दिवस द्या. पहिला सिनेमा कोणता ठरला आणि तो का निवडला, हे आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.